पाणी तीन हात, रस्ता बंद

१

पिशवी जागेवर होती, वही नव्हती.

चंद्रपूरच्या त्या विश्रामगृहाच्या जेवणघरात भिंतीतलं एक फडताळ आहे. वारलूभाऊंनी एक वाजता आपली कापडी पिशवी त्याच्या खालच्या कप्प्यात ठेवली आणि मगच ते जेवायला बसले. दोन वाजता उघडली तर आत गमछा होता, चष्म्याचं घर होतं, पाण्याची बाटली होती. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून पळसाच्या मुळांच्या दोरीनं बांधलेलं जाडजूड रजिस्टर तेवढं नव्हतं. त्यांनी पिशवी दोनदा उलटी करून झटकली. तिसऱ्यांदा झटकली नाही. भिंतीला टेकून खाली बसले आणि लेकीला म्हणाले, "गेली वो करिष्मा. एकोनीस वर्सं गेली."

सरिता रामटेके तेव्हा दारातच उभ्या होत्या. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या माती-खडीच्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. वय चौपन्न, बोलणं कमी, आणि हातात काही आल्याशिवाय मत द्यायचं नाही असा खाक्या. तीस वर्षं मुरूम आणि रेती तोलून बाई आता माणसंही काट्यावर ठेवूनच घेतात, असं त्यांचे विद्यार्थी पाठीमागे म्हणत, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. वारलूभाऊंना भामरागडकडून वही घेऊन बोलावलं होतं ते त्यांनीच. त्यामुळे वही गेल्याचं त्या बापलेकीच्या खालोखाल त्यांनाच लागलं.

बैठक होती ती राष्ट्रीय महामार्गांच्या संशोधन कार्यक्रमाची. कुठल्या रस्त्याचा कुठला तुकडा अभ्यासाला घ्यायचा, तिथे काय मोजायचं, किती वर्षं मोजायचं, याची आखणी चालली होती. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाट्याला प्रयोगाचा एकच टप्पा येणार होता आणि दावेदार दोन होते. एक कुरखेड्याचा. तिथे धानाच्या चिखलणीचे ट्रॅक्टर लोखंडी चाकांसकट डांबरावर चढतात आणि दरसाल रस्ता सोलून काढतात. दुसरा भामरागडचा, जो पावसाळ्यात नाल्याच्या पाण्याखाली जातो आणि पलीकडची गावं आठ-आठ दिवस जगापासून तुटतात. भामरागडच्या बाजूनं दाखवण्यासारखं जे काही होतं, ते त्या वहीत होतं.

वारलूभाऊ निवृत्त मैलकुली. सहा किलोमीटर रस्त्याचे खड्डे, गवत आणि पडलेली झाडं हा त्यांचा संसार. दोन हजार सात साली करिष्मा अठरा वर्षांची होती आणि नर्सिंगच्या प्रवेशाची तिला चिठ्ठी आली होती. ऐन वेळी नाला चढला. पोरगी चार दिवस काठावर बसून राहिली आणि पाचव्या दिवशी गडचिरोलीला पोचली. टेबलामागच्या माणसानं विचारलं, रस्ता बंद होता याचा लेखी पुरावा काय? पुरावा नव्हता. जागा दुसरीला गेली. घरी आल्यावर वारलूभाऊंनी ओव्हरसियरकडून एक कोरं रजिस्टर मागून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज एक ओळ लिहायला लागले: तारीख, पाणी किती, रस्ता चालू की बंद. निवृत्त झाल्यावरही थांबले नाहीत.

अध्यक्ष दिल्लीचे. वाईट वाटलं हे त्यांनी एकाच वाक्यात उरकलं. पोलीस बोलावले तर पंचनाम्यातच दिवस जाईल, असं ते म्हणाले. वही बाईंनी आणवली होती, बाईंनीच शोधावी; सापडो न सापडो, चार वाजता ते यादीवर सही करणार होते आणि पाचला गाडीनं नागपूरला निघणार होते.

घड्याळात दोन वीस झाले होते. फाटकावरच्या चौकीदारानं छातीठोक सांगितलं, की जेवणाच्या तासाभरात आतला एकही माणूस बाहेर गेला नव्हता. मे महिन्यातल्या चंद्रपुरात दुपारी एक वाजता बाहेर जाईल कोण? म्हणजे वही आवारातच होती, आणि ती घेणारा माणूसही.

२

सरिताबाईंनी वारलूभाऊंना कूलरसमोर बसवलं, पाणी दिलं आणि एकच गोष्ट विचारली: सकाळपासून वही कोणाकोणाच्या हातात गेली?

तिघांच्या, ते म्हणाले. त्यांची स्मरणशक्ती वहीसारखीच होती, तारीखवार.

"लहानूभाऊ आले. बांधलेलीच उचलून पाह्यली, म्हने लय जड हाय वो वारलू, गावचा इतिहास लिवला का? मंग थे टाइपवाली पोरगी, खुशबू. तिनं एक पान उघडून पाह्यलं, म्हने अक्षर सुंदर हाय. अन् प्रवीण सर. त्याहीनं गेल्या सालचं पान मांगतलं. चष्मा काढून वाचत होते, लय वेळ."

"मग?"

"मंग काई नाई. चांगलं केलं वारलूभाऊ, म्हनले, अन् बांधून देल्ली."

हे तिघे कोण, ते सांगायला हवं. लहानूभाऊ कुरखेड्याकडचे पुढारी. स्वतःची बारा एकर धानाची शेती, दोन ट्रॅक्टर, आणि आपला रस्ता यादीत यावा म्हणून चार महिने उंबरठे झिजवलेले. खुशबू बैठकीचं टिपण टाइप करायला आणलेली मुलगी. आणि प्रवीण हा सर्वेक्षण करणाऱ्या एजन्सीचा तरुण इंजिनिअर. दोन्ही रस्त्यांवरची वाहनं मोजून देण्याचं काम त्याचं होतं. घर कुरखेड्याचं असूनही सकाळी तो हिरिरीनं बोलला होता तो भामरागडसाठी. लहानूभाऊंनी त्यावरून त्याला दोन टोमणेही मारले होते.

सकाळी अध्यक्षांनी मसुदा वाचून दाखवला होता. प्रयोगाच्या टप्प्यावर रोज सरासरी किमान शंभर वाहनं हवीत, ही पहिली अट. प्रवीणच्या मोजणीत कुरखेड्याला तीनशे चाळीस आणि भामरागडला एकशे बारा निघाली होती, म्हणजे दोन्ही रस्ते चाळणीतून पार. शेवटच्या पानावर आणखी एक रकाना होता, 'संदर्भ टप्पा' नावाचा. तिथे काही बांधायचं नाही, फक्त निसर्ग काय करतो ते बघायचं, त्यामुळे वाहनांची अट नाही. मात्र जागेवरची किमान दहा वर्षांची अखंड नोंद हवी. हा रकाना देशभर कोराच राहणार, असं सांगून अध्यक्ष हसले होते, कारण इतकी वर्षं न चुकता लिहिणारा माणूस कुठल्याच खात्यात सापडत नाही. सरिताबाईंनी तेव्हा वारलूभाऊंच्या पिशवीकडे पाहिलं होतं आणि गप्प बसल्या होत्या. वही आधी टेबलावर येऊ दे, मग बोलू, असा त्यांचा हिशेब.

आता तो हिशेब फसला होता. न दाखवलेल्या वहीबद्दल बोलणं म्हणजे करिष्मासारखंच पुराव्याशिवाय टेबलासमोर उभं राहणं होतं.

३

लहानूभाऊ व्हरांड्याच्या सावलीत तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत बसले होते. आपल्यावर संशय येणार हे त्यांना कळून चुकलं होतं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटत असावा. जेवण झाल्यावर ते इथेच आडवे झाले होते, असं म्हणाले. साक्षीदार नाही. झोपेला कोण साक्षीदार ठेवतो?

"पन मले एक सांगा बाई," ते म्हणाले, "पाऊस पडते, नाला चढते, हे त साऱ्याइले मालूम हाय. असं काय लिवलं होतं त्या वहीत का कोनी चोरावं?"

प्रश्न चोख होता. सरिताबाईंनी तो मनात ठेवून घेतला.

खुशबू जेवणघराशेजारच्या खोलीत छपाई करत बसली होती. जेवणाच्या वेळात तिनं लहानूभाऊंचं घोरणं ऐकलं होतं, निदान सुरुवातीला. नंतर व्हरांड्यात काहीतरी ओढल्याचा आवाज आला. तिला वाटलं, खानसामा पिंप सरकवतोय. बाईंनी तिला प्रवीणच्या भामरागडच्या वाहन-मोजणीचे मूळ कागद मागितले. तिनं फाइल काढून दिली आणि सहज म्हणाली, "हे कागद टाइप कराले बरे वाटले मॅडम. बाकी रस्त्यावरचे कागद चिखलानं भरलेले राह्यते. हे एकदम कोरे करकरीत होते."

सात दिवसांची मोजणी होती, गेल्या वर्षीच्या अठरा ते चोवीस ऑगस्टची. दुचाकी, जीप, ट्रॅक्टर, एसटी, बैलबंड्या. रोजचे आकडे थोडे वर, थोडे खाली, शहाण्या मुलासारखे. बावीस तारखेच्या रकान्यात बंड्या होत्या एक्केचाळीस. सरिताबाई त्या आकड्यावर जरा वेळ थांबल्या.

मग त्या प्रवीणकडे गेल्या. तो मागच्या खोलीत नकाशे गुंडाळत होता, कपाळावर घाम. वही गेल्याचं ऐकून फार वाईट वाटलं म्हणाला, आणि चेहऱ्यावरून ते खरंही वाटत होतं. जेवणानंतर कुठे होतास, तर इथेच. वही पाहिली होतीस का, तर बांधलेलीच पाहिली, उघडायला वेळ कुठे होता? भामरागडसाठी त्या वहीची आता गरजही नाही, असं तो समजुतीच्या स्वरात म्हणाला. एकशे बारा वाहनं आहेत, आपली बाजू भक्कम आहे.

वारलूभाऊ आणि प्रवीण, दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता. एक होता एकोणीस वर्षं रोज एक खरी ओळ लिहिणारा म्हातारा.

बाई तिथून सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. दारामागच्या खिळ्यावर कॅलेंडर होतं. आपल्याकडे जुनं कॅलेंडर कोणी काढत नाही, त्याच्यावरच नवं टांगतात. त्यांनी नवं उचललं, खालच्यातला गेल्या वर्षीचा ऑगस्ट काढला, बावीस तारखेवर बोट ठेवलं आणि पुन्हा सगळं होतं तसं केलं. खानसाम्यानं काय पाहिजे विचारलं. त्यांनी पाणी मागितलं.

वही का गेली ते त्यांना कळलं होतं. कुठे गेली हे मात्र अजून कळलेलं नव्हतं, आणि पावणेतीन वाजले होते.

४

व्हरांड्यात मातीच्या नमुन्यांची अकरा पोती रांगेनं उभी होती, सहा भामरागडच्या रस्त्याची, पाच कुरखेड्याची. संध्याकाळी ती एजन्सीच्या गाडीनं नागपूरला जायची होती. प्रत्येकाचं तोंड बारीक तारेनं पिळून बांधलेलं, प्रत्येकावर चिठ्ठी: गाव, खोली, वजन. सरिताबाईंनी सकाळी स्वतः बघितली होती. पोती तीच, तेवढीच.

पण कठड्यावरच्या कुंड्या तशाच नव्हत्या. विश्रामगृहाच्या माळ्यानं कुंड्यांत भरलेली माती काळी कुळकुळीत, कापसाच्या शेतातली. कोपऱ्यातल्या दोन कुंड्यांत त्या काळ्या मातीवर चांगला बोटभर जाडीचा थर होता लाल मुरमाचा. वरून घाईनं पाणी शिंपडलेलं होतं आणि झाडाची खालची पानं त्यात पुरली गेली होती. कुठलाही माळी असं करणार नाही. मुरूम घालून झाडं वाढत नसतात.

बाईंनी गाडीतून आपला टांगता काटा मागवला. चालक जंगू दणकट होता. तो पोतं उचलून काट्याच्या हुकाला लावी, बाई आकडा वाचत, चिठ्ठीशी ताडून पाहत आणि पुढे जात. पंचवीस किलो, चिठ्ठीवर पंचवीस. पंचवीस, पंचवीस. लहानूभाऊ चघळायचं विसरून बघायला लागले. करिष्माही दारात येऊन उभी राहिली.

नववं पोतं भरलं बावीस किलो आठशे ग्रॅम.

दोन किलो दोनशे ग्रॅम मुरूम उडून जात नाही. कागद मुरमापेक्षा हलका असतो. मुरूम काढून त्या जागी कागद भरला, तर पोतं दिसायला तेवढंच राहतं आणि काट्यावर उघडं पडतं. बाईंनी तार सोडली, हात कोपरापर्यंत आत घातला. बोटांना आधी प्लास्टिक लागलं, मग पळसाच्या दोरीची गाठ.

वारलूभाऊंनी वही छातीशी धरली. बाकीची चार-पाच माणसं चिठ्ठीवरच्या अक्षरांकडे बघत होती. नवव्या पोत्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: कुरखेडा.

५

"झालं," लहानूभाऊ म्हणाले. "आता म्या चोर."

त्यांनी तोंडातला खर्रा थुंकून टाकला.

"अवो पन बाई, चोरलीच असती त माह्याच गावच्या पोत्यात कायले घालू? भामरागडच्या पोत्यात नसती का खुपसली?"

चोरांना इतकी अक्कल असतेच असं नाही, हे सरिताबाईंना माहीत होतं. पण त्यांना दुसरी एक गोष्ट दिसत होती. सोडलेली तार अजून त्यांच्या हातात होती. ती तार हातानं पिळलेली नव्हती; बांधकामावर सळ्यांना तार पिळायला असते तशा आकडीनं, घट्ट आणि एकसारखा पीळ देऊन बांधलेली होती, बाकीच्या दहा पोत्यांसारखीच. लहानूभाऊंनी ती बांधली असती तर सुतळीसारखी गाठ मारली असती. खुशबूनं बांधली असती तर तारेनं बोट कापून घेतलं असतं. आकडी होती एकाच्याच सामानात, ज्यानं ही पोती रस्त्यावर भरली होती आणि जो ती नागपुरात गाडीतून उतरवूनही घेणार होता.

त्यांनी लहानूभाऊंना बसायला सांगितलं, वारलूभाऊंकडून वही मागून घेतली, गेल्या वर्षीचा ऑगस्ट काढला आणि त्या पानात बोट ठेवून मागच्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं.

६

प्रवीणनं वही बघितली आणि नकाशा खाली ठेवला.

बाईंनी आवाज चढवला नाही. गेल्या वर्षी बावीस ऑगस्टला काय होतं, एवढंच विचारलं. तो आठवायला लागला. त्याला खरोखरच आठवत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"पोळा होता," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरी बैल आहेत ना?"

"आहेत."

"पोळ्याला तुमचे बाबा बंडी जुंपतात?"

तो खाली बसला. कुरखेड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्याला जू लावणं म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्या दिवशी बैलाला न्हाऊ घालतात, खांदे शेकतात, पुरणपोळी खाऊ घालतात. आणि त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, की त्या दिवशी भामरागडच्या रस्त्यावरून एक्केचाळीस बंड्या गेल्या. लॉजच्या खोलीत बसून रकाने भरणाऱ्याला तारखा दिसतात, सण दिसत नाहीत.

बाईंनी वहीचं पान त्याच्यापुढे केलं. वारलूभाऊंचं अक्षर खरंच सुंदर होतं. '१९ ऑगस्ट. पाणी अडीच हात. रस्ता बंद.' खाली तसंच वीस, एकवीस. मग: '२२ ऑगस्ट. पोळा. बैल घरीच पुजले. पाणी तीन हात, रस्ता बंद.'

सकाळी त्यानं हेच पान मागून घेतलं होतं. ही वही आणि त्याचे कागद एका टेबलावर आले असते, तर पाण्याखालच्या रस्त्यावरून रोज एकशे बारा वाहनं कशी गेली, हे अध्यक्षांनी पहिल्या मिनिटाला विचारलं असतं.

"मी गेलो होतो मॅडम," तो म्हणाला. "आलापल्लीपर्यंत गेलो. पुढे जाताच येत नव्हतं. पाच दिवस थांबलो. मग ऑफिसातून फोन, कागद पाठव. शून्य लिहिलं असतं त भामरागड पहिल्याच अटीत कटलं असतं. मले वाटलं, त्या लोकाइचं भलंच होईल. वही फाडाची नव्हती मले, घाईत हाती लागलं त्या पोत्यात घातली. नागपूरले काढून पोस्टानं पाठवणार होतो."

सरिताबाईंना त्याचा राग आला आणि कीवही आली. कीव जास्त आली, म्हणून पुन्हा राग आला.

"आता तुम्हीच ठरवा," तो हळूच म्हणाला. "वही दाखवली त मोजणी खोटी पडते, अन् मोजणी पडली का भामरागड जाते. नाई दाखवली त निदान आशा आहे. माझं काय व्हायचं ते होवो."

तो खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. तीन वीस झाले होते.

७

असल्या गोष्टी ज्यांच्या, त्यांनाच विचाराव्यात, असं सरिताबाईंचं मत. त्यांनी बापलेकीला व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. वही दाखवली तर प्रयोगाचा टप्पा कुरखेड्याला जाईल, हे नक्की. शेवटच्या पानावर एक रकाना आहे. तो मिळेल की नाही हे त्यांनाही ठाऊक नाही, आणि मिळाला तरी त्यात पूल नाही, फक्त मोजमाप आहे. न दाखवता गप्प राहिलं तर कदाचित मोजणी चालून जाईल.

वारलूभाऊंनी लेकीकडे पाहिलं. सदतीस वर्षांची करिष्मा आता गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. तिनं कुंडीतल्या लाल मुरमात पुरलेलं एक पान बोटानं मोकळं केलं.

"त्या टायमाले माह्यं खरं होतं, पन पुरावा नव्हता, म्हून थे खोटं ठरलं," ती म्हणाली. "आता पुरावा हाय. त मंग खोट्याच्या भरवशावर कायले ऱ्हायचं बाई? दाखवा."

चार वाजता टेबलावर दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या, करकरीत कागदांची फाइल आणि पिवळी पडलेली वही. सरिताबाई बोलायच्या आतच प्रवीण उभा राहिला आणि भामरागडची मोजणी आपण बसल्या जागी लिहिली, वही आपणच लपवली, असं त्यानं सांगून टाकलं. सांगितलं ते पूर्ण. अध्यक्षांनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. त्याच्या एजन्सीला पत्र जाणार होतं आणि पुढचं पुढे. मग त्यांनी पेन उचललं आणि यादीतल्या भामरागडवर सरळ रेघ मारली. टप्पा कुरखेड्याला गेला. चार महिने ज्यासाठी चपला झिजवल्या ते पदरात पडलं, तरी लहानूभाऊंना कोणाकडे बघून हसावं ते कळेना. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले.

सरिताबाईंनी तेव्हा शेवटचं पान काढून अध्यक्षांसमोर ठेवलं, कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून.

अध्यक्ष वही चाळायला लागले. आधी दहा-दहा पानं, मग पाच-पाच, मग एकेक. एखादा दिवस गळलेला सापडतो का ते बघत होते. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नागपूरच्या गाडीची आठवण करून द्यायला आलेल्या माणसाला त्यांनी हातानंच परत पाठवलं. शेवटी मान वर करून त्यांनी हिंदीत विचारलं, की तुम्ही काल निघालात आणि आज इथे आहात, तर कालची आणि आजची ओळ कोणी लिहिली?

"इंदुताईले सांगून आलो साहेब," वारलूभाऊ म्हणाले. "गावच्या आशा वर्कर हायेत. माह्या हाताच्या खुणा केलेली पाणी मोजाची काठी देल्ली, एक पाठकोरा कागद देल्ला. घरी गेलो का वहीत उतरवतो."

अध्यक्षांनी आणखी एक शंका काढली. पाणी हातात लिहिलंय. हात म्हणजे किती? त्यावर सरिताबाई पर्समधून पोलादी टेप काढून उठल्या. त्यांनी वारलूभाऊंचा उजवा हात टेबलावर ठेवला, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावली आणि आकडा वाचला: सेहेचाळीस सेंटिमीटर. मैलकुलीचा तो हात टेबलावर तसाच पडून होता, आणि खोलीतली सगळी शिकली-सवरलेली माणसं एखाद्या उपकरणाकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत होती.

रकान्यात अध्यक्षांनी स्वतः लिहिलं. संदर्भ टप्पा: भामरागड मार्ग. नोंद: एकोणीस वर्षे, अखंड. एक हात बरोबर सेहेचाळीस सेंटिमीटर. नोंदकर्ता: वारलू, मैलकुली.

पुढची पाच वर्षं तिथे यंत्रं लागतील, माणसं येतील, पाणी मोजलं जाईल, हे त्यांनी समजावून सांगितलं. करिष्मानं ते नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे पूल नाई," ती म्हणाली.

सरिताबाई म्हणाल्या, "पूल नाही. पण रस्ता बंद होता का, असं आता कोणी विचारणार नाही."

वही कार्यक्रमाच्या दप्तरात जमा करावी लागेल, असं सांगून अध्यक्षांनी हात पुढे केला. वारलूभाऊंनी वही आपल्याकडे ओढून घेतली. का, ते लेकीला कळलं.

"पावती द्या साहेब," करिष्मा म्हणाली. "लेखी."

अध्यक्षांनी खुशबूला टाइप करायला सांगितलं. छापून आलेल्या कागदावर सही केली आणि तो सरकवला. करिष्मानं वाचून तो परत त्यांच्यापुढे ठेवला.

"तारीख ऱ्हायली. अन् वेळ बी टाका. शिक्का असन त थो बी."

अध्यक्षांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं तिन्ही गोष्टी केल्या. पाच वाजून गेले होते. गाडी बाहेर कधीची सुरू होती. करिष्मानं पावती उभ्याउभ्या दोनदा वाचली. मग वहीचा प्लास्टिकचा कागद मागून घेतला, पावती त्यात घडी घालून पळसाच्या त्याच दोरीनं बांधली आणि आपल्या स्वतःच्या पिशवीत ठेवली.